औषधाची वाट पाहू नका

ग्लासगो

प्रिय पप्पा,

तुम्हाला आणि आईला सलाम. मी बरी आहे. आईनं दिलेला शेंगदाण्याचा ठेचा पुरवून खातेय. भिंगारला नळाचं पाणी नीट येतं का?

फोनवर तुम्ही विषय टाळता, म्हणून लिहिते. तुमच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या स्टेंटच्या आत वाहिनीच्या स्नायुपेशी वाढून वाट परत बुजत चाललीय, म्हणून डॉक्टरांनी बायपास सांगितलं. तुम्ही त्यांना म्हणालात, "माझी सिल्व्हिया ह्याच पेशींवर औषध शोधतेय, तोवर थांबतो." आईनं रडत रडत सांगितलं.

पप्पा, औषध नाही. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत आमच्या रसायनानं त्या पेशींची वाढ थांबली होती, तेव्हा तुम्ही चर्चमध्ये पेढे वाटलेत. उंदरांमध्ये मात्र ती थांबली नाही, हे गेल्या आठवड्यात कळलं. आम्ही पुन्हा सुरुवात करतोय. जमलं तरी माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील, आणि तुमच्याकडे तेवढा वेळ नाही.

माझ्यावरचा विश्वास राहू द्या, पण ऑपरेशनला हो म्हणा. तारीख कळवा, मी रजा टाकून येते. तुम्ही शुद्धीवर याल तेव्हा मला तुमच्या उशाशी बसायचंय.

प्रभू तुम्हाला सांभाळो.

तुमची लेक,
सिल्व्हिया