मोडीतली पोथी

सुनंदामावशी,

तुझी चारशे वर्षांची मोडीतली पोथी तू ज्या अभ्यासक सरांना द्यायला सांगितली होतीस, त्यांना मी दिलीच नाही. माझ्या पुस्तकांच्या दुकानात ती अख्खी कोणी घेईना, म्हणून एकेक पान फ्रेम करून विकलं. तुला मात्र फोनवर म्हणालो, "सर म्हणाले, अक्षर सुंदर आहे." किती खूश झालीस तू.

काल नवीन पनवेलला एका घरी पुस्तकं पोचवायला गेलो. सोफ्यामागच्या भिंतीवर त्यातलंच पान होतं, उलटं टांगलेलं. मी ते परत मागितलं.

"नाही हो, छान दिसतं तिथे," बाई म्हणाल्या. "पण यात लिहिलंय काय?"

तू मोडी शिकवायचीस तेव्हा मी कधी बसलोच नाही. "माहीत नाही," म्हणालो. स्टुलावर चढून पान सुलट केलं आणि निघालो.

हे पत्र काही मी टाकणार नाही. उद्या तुझा फोन येईल. तेव्हाही मी बहुधा खोटंच बोलेन.

तुझा,
हरेश