आजीचं रक्त, दुसऱ्यांदा

ता. ३ मार्च

चि. खारूताईस आजीचे पोटभर आशीर्वाद.

सगळ्यांच्या आधी टपकली ती समोरची शिंपीण! रक्त माझं काढणार, आणि पावडर लावून बसली ही. मग तुझ्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई आल्या, मागून पेटी घेऊन सुईवाला. लिफ्ट बंद, म्हणून त्यांना घ्यायला मी तीन जिने टणाटण उतरले. बाई बघतच राहिल्या!

त्या म्हणाल्या, मागे दिलेल्या माझ्या थुंकीत धाकटीचाच दोष सापडलाय. तरी मी ठणठणीत कशी, हे कळलं तर तुझ्या बहिणीचं औषध ठरेल. मला रडूच आलं गं. माझ्याकडूनच गेलं की पोरीला! पण तो दोष म्हणजे नेमकं काय? चौथीत शाळा सुटलीय माझी, बेतानं सांग. धाकटी जेवते का?

तुझी आजी

ता. ७ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

धाकटी दोन घास खाते, पण पोट दुखतंच.

अंगात रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी असतात. रोग आला की त्यांच्यातली काही जनुकं जागी होतात आणि लढाई जुंपते. मग दुसरं एक जनुक ब्रेक लावतं. तुम्हा दोघींत त्याच्या दोन प्रतींपैकी एक मुकी आहे, म्हणून ब्रेक अर्धाच. धाकटीच्या पेशी थांबतच नाहीत, तिच्याच आतड्यांवर तुटून पडतात. तुझ्या मात्र इतक्या गप्प, की बाई चक्रावल्यात. खरं सांग, सूज उतरवायची गोळी घेतली होतीस? तिनेही पेशी गप्प बसतात. मग आमची तुलना फसेल आणि धाकटीला भलतंच औषध जाईल. रागावणार नाही.

तुझी खारूताई

ता. ११ मार्च

चि. खारूताईस आशीर्वाद, आणि हे बघ, कान पकडले.

घेतली. शिंपिणीच्या डब्यातली, गुडघ्याची, चार दिवस. बाईंसमोर काठी टेकायची नव्हती, एवढंच. त्यांनी विचारलं तर तोऱ्यात नाही म्हटलं. त्याचा पोरीच्या पोटाशी संबंध आहे, हे डोक्यातच आलं नाही बघ.

बाईंना शिंपिणीकडूनच फोन करवला, तिलाही तेवढीच शिक्षा. बाई आधी हसल्या, मग दोघींना झाडलं. आता गुडघा भोपळ्याएवढा झालाय, पण गोळीला शिवत नाही. धाकटीला सांग, या खेपेला आजीचं खरं रक्त येतंय.

आजीवरची माया आटू देऊ नकोस. गोळीचा अंमल पुरता उतरला की, सुईवाला आणि बाई सोमवारी, तीस तारखेला, सकाळी दहाला परत येतो म्हणालेत.