हाताला गार

जोगेश्वरी, ९ फेब्रुवारी १९५७

प्रिय सहदेव,

तुझा खोकला कसा आहे? वनमाला म्हणते, आधी ते विचारा, मग तुमचं रडगाणं. माझं अक्षर लागेल ना रे? नाही लागलं तरी पोस्टमास्तरांकडून वाचून घेऊ नकोस.

अंधेरीच्या आपल्या बॅटरीखोलीत आता थर्मामीटर आलाय. विमानाची बॅटरी चार्जिंगला लावली की तो प्रत्येक सेलमध्ये बुडवायचा, आणि ज्याने बघितला त्यानेच आकडा लिहून सही करायची. मला रागच आला. इतकी वर्षं मी हात लावून सांगत आलो, ही गार, ही तापली. आपल्या पाळीतला लवू म्हणायचा, अनंताच्या हाताला सरकारी शिक्का आहे.

मंगळवारी एका बॅटरीवर हात ठेवून मी म्हटलं, गार. लवूने थर्मामीटर घातला आणि ओरडलाच, अरे हात काढ, भाजशील! मी म्हटलं, काच बिघडलीय. दुसरा मागवला, त्यातही पारा तेवढाच वर. घरी येऊन मुद्दाम चहाचं उकळतं पातेलं धरलं. वनमाला किंचाळली तेव्हा सोडलं. ॲसिडने भाजलेला हात तो. कातडी परत आली, जाणीव आलीच नाही. वयामुळे बोटं जड झाली, असं मी समजत होतो. आणि भाजलं कधी, तर तुझ्या प्रकरणाच्या दोन महिने आधी.

मंगळवारपासून जेवण जात नाही. आपण दिलेली बॅटरी तापून त्या विमानात धूर झाला, वैमानिकाने कसंबसं खाली आणलं. चौकशीत रजिस्टर उघडलं, ‘हाताला गार’, अक्षर तुझं. माझं अक्षर कोणाला लागत नाही म्हणून मी सांगायचो, तू लिहायचास. साहेबांनी विचारलं, हे कोणी लिहिलं? तू म्हणालास, मी. हात कोणाचा, हे त्यांनी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस. मी खाली बघत उभा. मनात म्हणत होतो, माझा हात चुकायचा नाही, सहदेवानेच बसवताना काहीतरी केलं असेल. नोकरी जाऊन तू गावी निघालास तेव्हा पोचवायलासुद्धा आलो नाही.

काल साहेबांना सगळं खरं लिहून अर्ज दिला. धीर होईना, चार ओळींना दोन दिवस लागले, पण अक्षर माझं आहे. माझी नोकरी राहते की जाते, देव जाणे. साहेब म्हणाले, सहदेवाचा जबाब पुन्हा घ्यावा लागेल, त्याला बोलावून घ्या. म्हणून हे पत्र. ये रे. आणि या खेपेस त्यांनी विचारायची वाट बघू नकोस. हात अनंताचा होता, हे तूच आधी सांग.

तुझाच,
अनंत