दुसरी खुर्ची

४ जानेवारी

चि. घुम्यास,

ताईचे आशीर्वाद, थोडे रागावलेले.

फोनवर मी बोलते, तू हं म्हणतोस. मी पुन्हा बोलते, तू पुन्हा हं. माझा कान तापतो आणि हाती काही लागत नाही. म्हणून लिहायला बसले. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

वीस वर्षं लढाऊ विमान चालवलंस आणि आता प्रवाशांचं विमान चालवायला पुन्हा परीक्षा देतोस. दुकानात गिऱ्हाइकांना सांगितलं तर त्यांना पटत नाही. वीस वर्षं शिवणाऱ्या बाईला कुणी काज करून दाखव म्हणेल का? तुझी बायको, आमची वहिनी, म्हणाली, हवामानाचा, नकाशाचा, कायद्याचा, सगळे पेपर सुटले, डॉक्टरनंही पास केलं, आता त्या खोट्या विमानातली परीक्षा तेवढी उरली. खोलीत उभं केलेलं विमान म्हणे, जागचं हलतसुद्धा नाही. त्यात काय नापास व्हायचंय.

पण जपून. हवाई दलात तुला आता टेबलावर बसवणार होते आणि तुला उडायचं होतं, म्हणून राजीनामा दिलास. परत जायची वाट नाही. सरकारी घर जूनपर्यंतच. आणि बेचाळीस पुरी झालेल्या नव्या माणसाला तुमची ती कंपनी घेत नाही. तुला एप्रिलमध्ये बेचाळीस पुरी होतात. तुला जन्मल्या दिवशी पहिल्यांदा मीच मांडीवर घेतलं, तारीख मला शिकवू नकोस.

काळा कोट शिवायला घेतलाय. कंपनी देते म्हणतोस, देऊ दे. तुझा उजवा खांदा अर्धं बोट खाली आहे, हे कंपनीला ठाऊक आहे का? बाहीला दोन सोनेरी पट्ट्या लावते. नव्या माणसाला दोनच असतात, असं कळलं. वीस वर्षांनंतर दोन. असो.

लोभ आहेच, तो मागायचा नसतो. उत्तर मागते आहे.

ताई


१९ जानेवारी

ती. ताईस सा. न.

आशीर्वाद रागासकट पोचले.

नापास झालो.

खोट्या विमानात उजव्या इंजिनाच्या तेलाचा दाब उतरत असल्याचं दाखवलं. मी काटा पाहिला, इंजिन बंद केलं, दुसऱ्यावर विमान सांभाळून खाली आणलं. शेजारी जोडीला चोवीस वर्षांची मुलगी होती. तिला इंजिन बंद झाल्यावर कळलं. परीक्षक म्हणाले, हात उत्तम आहे, पण त्या विमानात तुम्ही एकटेच होता.

इथली रीत अशी की जे दिसतं ते आधी मोठ्यानं म्हणायचं. जे करणार तेही म्हणायचं. दुसऱ्यानं बघायचं, 'बघितलं' म्हणायचं, मग हात लावायचा. माझ्या विमानाला वीस वर्षं एकच खुर्ची होती. शब्द घशापर्यंत येतो तोवर हात काम करून मोकळा होतो.

आणखी एकदा बसू देतात. २६ फेब्रुवारीला. ते गेलं की संपलं.

कोट शिवू नकोस. सुई खाली ठेव, लोभ खाली ठेवू नकोस.

तुझा,
घुम्या


२७ जानेवारी

चि. घुम्यास,

आशीर्वाद. कोट शिवून झाला.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. शिलाई यंत्रावर बसून वाचलं, पायाखाली पट्टा निसटला तेही कळलं नाही. चूक तुझी नाही, माझी आहे. आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा, मी सतराची. शाळेत नाव विचारलं की मी सांगायची. न्हाव्याकडे केस किती कापायचे ते मी सांगायची. वहिनीला, माझ्या भावाला तू आवडलीस, हेसुद्धा मीच सांगितलं. तू तेव्हा स्वतःचे बूट बघत होतास. तोंड उघडायची वेळच तुझ्यावर कुणी येऊ दिली नाही.

तीन वर्षांपूर्वीचं आठवतं का? सर्दी असताना उडालास, खाली येताना कानाचा पडदा फाटला, उशीला रक्त. आणि तू आठ दिवस कानात कापूस घालून विमान उडवत राहिलास. डॉक्टरला शब्द नाही, बायकोला शब्द नाही. मला कापूस दिसला म्हणून कबूल झालास. कुणाला सांगू नकोस म्हणालास. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळे म्हणतात, पण ही गोष्ट मी आजवर ओठाबाहेर काढलेली नाही.

असा माणूस, आणि त्याला नापास करतात. तू कोण आहेस हे त्या लोकांना कुणी सांगितलं तरी आहे का?

खाऊन पिऊन राहा. वहिनीला म्हणावं, लोभ तुझ्यावरही आहे, दाखवत नाही इतकंच.

ताई


१० फेब्रुवारी

ती. ताईंना सा. न.

इकडची खबर मीच देते, नाहीतर तुम्हाला दोन ओळींवर भागवावं लागेल.

जेवणाच्या खोलीतली भिंत आता विमान झाली आहे. त्यातल्या काट्यांचं आणि बटणांचं माणसाएवढं रंगीत चित्र यांनी भिंतीवर चिकटवलं. समोर दोन खुर्च्या. उजवीकडे हे, डावीकडे मी. दवाखान्यातून आले की पर्स ठेवायची आणि विमानात बसायचं. हे कागदावर बोट ठेवून म्हणतात, तेलाचा दाब कमी होतोय. मी म्हणते, बघितलं. इंजिन बंद करतोय. बघितलं. पहिले चार दिवस आवाज फुटत नव्हता. दातांच्या दवाखान्यात बसते मी, लोकांना तोंड उघडायला लावायची सवय आहे.

आता ताळतंत्र राहिलेलं नाही. परवा आमटीत हात नेता नेता म्हणाले, मीठ घालतोय. मी म्हटलं, बघितलं. नंतर दोघंही इतके हसलो की जेवण गार झालं. काल रात्री न विचारता म्हणाले, मला भीती वाटते. लग्नाला सोळा वर्षं झाली ताई, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

एक सांगते, राग मानू नका. तुमचा फोन आला की हे पुन्हा 'हं'वर येतात. यांच्यासाठी आपण बोलायचं नाही, शेजारी बसून नुसतं बघायचं, असं मी ठरवलंय. तुम्हालाही जमलं तर बघा. कठीण आहे, मला माहीत आहे.

तुमचा लोभ दिसत नाही म्हणता, पण मला दिसतो.

तुमची,
वहिनी


१५ फेब्रुवारी

मा. मोठ्या साहेबांना नमस्कार.

मी एक कपडे दुरुस्त करणारी बाई आहे. तुमच्याकडे २६ तारखेला लढाऊ विमानातून आलेला जो माणूस परीक्षेला बसणार आहे त्याची मी थोरली बहीण. माझं लिहिणं साधं आहे, सांभाळून घ्या.

तो बोलत नाही म्हणून तुम्ही त्याला नापास केलंत. साहेब, बोलणारे पुष्कळ असतात. मीच आहे. तो कसा आहे हे तो सांगणार नाही, म्हणून मी सांगते. तीन वर्षांपूर्वी त्याच्या कानाचा पडदा फाटला होता, रक्त आलं होतं. दुसरा असता तर घरी झोपला असता. यानं आठ दिवस कापूस घालून विमान उडवलं आणि डॉक्टरलासुद्धा कळू दिलं नाही, का तर त्याचं काम दुसऱ्याच्या अंगावर पडू नये. असा माणूस तुम्हाला दिवा घेऊन शोधला तरी मिळेल का?

त्याला आयुष्यात दुसरं काही नको. त्याला उडू द्या. मी पत्र लिहिलं हे त्याला कळू देऊ नका, त्याला आवडणार नाही.

तुमच्याशी ओळख नाही, तेव्हा लोभ कसा मागू. न्याय मागते.

त्याची बहीण


३ मार्च

ती. ताईस सा. न.

२६ ला मी पास झालो.

पहिल्यापासून शेवटपर्यंत बोललो. या वेळी पंखांवर बर्फ दाखवला, मग चाकं उतरेनात. मी म्हणत गेलो, ती मुलगी 'बघितलं' म्हणत गेली. एकदा माझ्या नजरेतून एक दिवा सुटला होता, तो तिनं सांगितला. मी म्हटलं, बघितलं. ताई, शेजारी कुणी असलं की बरं वाटतं, हे मला या वयात कळलं. बाहेर आलो तेव्हा घसा बसला होता. परीक्षकांनी हात मिळवला.

मग मुख्य साहेबांनी आत बोलावलं. टेबलावर तुझं पत्र होतं. अक्षर मी दारातूनच ओळखलं.

साहेब वाईट नाहीत. म्हणाले, हे दप्तरी नोंदलं गेलंय, आता न वाचल्यासारखं करता येत नाही. वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मवर, कानाला कधी इजा झाली होती का, या प्रश्नापुढे तुम्ही 'नाही' लिहिलंय. दलातल्या दर वर्षीच्या फॉर्मवरही मी तसंच लिहीत आलो होतो. हात सवयीनं चालला. त्यांनी विचारलं, पत्रातलं खरं आहे का?

बहिणीचा काहीतरी गैरसमज झालाय, एवढं म्हणायचं होतं. त्यांनीही मला तेवढा वेळ दिला, खिडकीबाहेर बघत राहिले. पण महिनाभर मी जे आहे ते मोठ्यानं म्हणत होतो. सगळं सांगितलं. कापूस कुठून घेतला तेसुद्धा.

ते म्हणाले, एकट्याच्या विमानात ते धाडस असेल. इथे मागे दीडशे माणसं असतात आणि शेजारी एक. तिला तुमच्या कानाचं माहीत असायला नको?

खोटी माहिती दिली म्हणून वैद्यकीय प्रमाणपत्र रद्द झालं. दोन वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही. तोवर मी चव्वेचाळिसाचा होईन.

तू खोटं काहीच लिहिलं नव्हतंस. मी रागावलेलो नाही. मनातलं बोलून दाखवायचं असतं असं शिकलोय, म्हणून हे लिहिलं. यापुढे काही दिवस लिहिणं होणार नाही.

घुम्या


११ मार्च

चि. घुम्यास,

आशीर्वाद तरी कुठल्या तोंडानं देऊ.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी साहेबांना दुसरं लिहायला घेतलं, की मी खोटारडी आहे, माझं डोकं फिरलेलं आहे, कान बिन काही नाही. चार पानं झाली. वहिनीला फोनवर वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ताई, आता पुरे. फाडलं.

तू रागावलेला नाहीस हे वाचवत नाही मला. शिव्या दे. घुम्या, एकदा तरी मला घालून पाडून बोल, मी ऐकून घेईन.

वहिनी म्हणते, चित्र अजून भिंतीवर आहे. पण समोरची एक खुर्ची तू उचलून माळ्यावर टाकलीस. उरलेल्या खुर्चीवर बसतोस आणि चित्राकडे बघतोस. जेवताना मीठ घेतोस, काही न म्हणता.

कोटाच्या पट्ट्या उसवायला बसले. टाके बारीक घातले होते, वीस वर्षं टिकतील असे. लावायला दुपार लागली होती, काढायला दोन दिवस लागले. कापडावर भोकं राहिली, इस्त्रीनंही बुजली नाहीत.

आई गेल्यापासून मला वाटायचं, तुझ्या शेजारची खुर्ची माझी आहे. ती नुसती बघायची खुर्ची असते हे वहिनीनं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. मी वाचलंही होतं. तरी हात घातला, आणि न सांगता. तुला पहिल्यांदा नापास केलं ते ज्याच्यासाठी, तेच मी केलं.

मी येणार नाही. फोन करणार नाही. कुणाला काही लिहिणार नाही. तुला सुचेल ते लिही, एक ओळ, एक शिवी, काहीही. मी उत्तराला एकच शब्द पाठवीन, जास्त नाही.

लोभ ठेव असं म्हणायचा हक्क नाही. तरी म्हणते.

ताई


१७ एप्रिल

चि. घुम्यास,

आज तुझी बेचाळीस पुरी झाली.

पत्र आलं नाही.

बघितलं.

ताई