मेंढरं माळावर नकोत

सोलापूर, २२ एप्रिल २०२४

ती. आप्पांस,

फार दिवस पत्र नाही, राग मानू नका. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि लिहायला बसलो की माझे डोळे मिटतात. बाकी तब्येत बरी आहे, डबाही वेळेवर येतो. आईचा गुडघा कसा आहे?

इथला माळ लांबून हिरवागार दिसतो, पण ती सगळी वेडी बाभूळ आहे. तिच्याखाली पवन्या गवत उरलं नाही, मारवेलही नाही. मी पाहणीसाठी दिवसभर गवत मोजत फिरतो आणि बहुतेक जागी मोजायला काहीच नसतं. मेंढपाळ सिद्राम हसतो, "गवत मोजून उगवतं व्हय, सायेब?"

त्याची मेंढरं हल्ली बाभळीच्या शेंगांवरच जगतात. त्यातलं बी पचत नाही. लेंडीबरोबर पडतं आणि तिथंच रुजतं. आज तो म्हणाला, "फुडच्या आटवड्यात जेऊरला, तुमच्याच माळावर बसवायची हायत की." खतासाठी तुम्हीच बोलावलंय म्हणे. आप्पा, आपल्या गाईचं गवत तेवढ्याच तुकड्यावर आहे.

मेंढरं खालच्या रानात बसवा. तिथं बाभूळ उगवली तरी पेरणीआधी कुळवताना उपटून निघेल. माळावर मात्र नकोत.

सिद्रामला बोल लावू नका. शेंगा नकोत म्हटलं, तर त्यानं मेंढरांना काय घालावं? म्हणूनच त्याला तोंडावर सांगायचं सोडून तुम्हाला लिहितोय.

तुमचा
अभिमन्यू

ता. क. मेंढरं माळावर का नकोत, हे उद्या सिद्रामला मी स्वतःच सांगतो.