चोवीस गर्भाशयं आणि एक डॉक्टर

लीड्स,
रथसप्तमीनंतरचा दुसरा रविवार

चि. डॉ. सुश्रुत यास,

सुप्रभामावशीचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे तुझे शशिधरकाका ठीक आहेत, माझ्याबद्दल पुढे येईलच. तुझी तब्येत, तुझं बाहेरचं खाणं आणि ब्रिस्टलच्या फ्लॅटमधली ती ओल, सगळ्यांची चौकशी करते. आपल्या घरातला तू पहिला स्त्रीरोगतज्ज्ञ, तेव्हा हे पत्र खुर्चीत नीट बसून, आदरानं आणि एका दमात वाच.

तू म्हणशील, फोन सोडून मावशीला हे पोस्टाचं खूळ कुठून आठवलं. तर दिवाळीचा फोन आठव. गेलं वर्षभर पाळी दहा-दहा दिवस चालते, तासाला पॅड बदलावा लागतो, जिना चढले की पायरीवर बसावं लागतं, हे मी सांगत होते (आणि तू काहीतरी चावत होतास, बहुतेक सँडविच). तू म्हणालास, "मावशी, एक्कावन्नाव्या वर्षी हे नॉर्मल आहे, आयर्न घे, स्ट्रेस घेऊ नकोस," आणि वॉर्डवर पळालास. माझं अजून निम्मं सांगायचं होतं. पत्र मधेच वॉर्डवर पळत नाही, म्हणून पत्र.

आयर्न मी घेतलं. स्ट्रेस मात्र इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवापायी घ्यावा लागला. यंदा आमच्या अध्यक्ष वरदाताईंनी फतवा काढला की वाण प्लास्टिकचं नको, स्टीलचं नको, पर्यावरणाला शोभेल असं हातानं विणलेलं हवं. ते त्यांनी कुणा आजीबाईंकडून करवून घेतलं, मोबाइल ठेवायचे लोकरी बटवे, चोवीस नग, आणि हॉलच्या कपाटात खोक्यात ठेवलेत असं मला कळवलं. वाटायचं काम माझ्याकडे. आता ते कपाट म्हणजे सगळ्या लीड्सचा माळा आहे. त्यात स्काउटवाल्यांचे तंबू, योगावाल्यांच्या सतरंज्या, ख्रिसमसच्या देखाव्यातला एक मेंढपाळ, सगळं एकत्र. मी खोकं उघडलं, आत लोकरीच्या गुलाबी वस्तू होत्या, मोजल्या तर बरोबर चोवीस भरल्या. यात माझं काय चुकलं ते सांग. आकार जरा विचित्र वाटला खरा. मधे फुगीर, दोन बाजूंना दोन हात, हातांच्या टोकाला एकेक गोळा, आणि पोटात टिचबटणांनी लावलेले लहान-मोठे लोकरीचे गोटे. पण मंडळात वरदाताईंच्या आवडीनिवडीवर बोलायचं नसतं. पदराखाली धरून एकेक वाण दिलं, सगळ्यांनी पदरात घेतलं, मसाला दूध झालं, घरी गेलो.

मंगळवारी बेव्हर्लीचा फोन आला. ही इथल्याच चॅपलटाउनची, आईवडील जमैकाहून आलेले, तीस वर्षं मिडवाइफ होती, आता निवृत्त होऊन दर शनिवारी त्याच हॉलमध्ये काळ्या बायकांसाठी आरोग्याचा वर्ग घेते. पाळी, गर्भाशयातल्या गाठी, बाळंतपण, पाळी जाण्याचा काळ, सगळं. आवाज असा की फोनवरसुद्धा आपण पाठीचा कणा ताठ करतो. तिनं विचारलं, माझी चोवीस गर्भाशयं तुमच्याकडे आहेत का.

सुश्रुत, असा प्रश्न तुला तुझ्या नोकरीत रोज येत असेल, मला पहिल्यांदाच आला. मी आधी नाही म्हणाले. मग चहाच्या किटलीकडे नजर गेली. काकांनी चहा गरम राहावा म्हणून आमचं वाण किटलीवर चढवलं होतं आणि तोटी एका नळीतून बाहेर काढली होती. मी हो म्हणाले.

ती सगळी बेव्हर्लीनं आणि तिच्या बायकांनी दोन हिवाळे बसून विणली होती. पोटातले ते गोटे म्हणजे फायब्रॉइडच्या गाठी, काढता-घालता येणाऱ्या, म्हणजे गाठ कुठे आहे आणि ती कशावर दाबते हे हातात धरून कळतं. शनिवारी नवा वर्ग सुरू व्हायचा होता, सतरा जणींनी नावं दिली होती आणि शिकवायला गर्भाशय एकही नाही. मी शब्द दिला, शुक्रवारपर्यंत सगळी आणून देते.

हा शब्द द्यायला नको होता. फोन करत सुटले, तर एक गर्भाशय कुणाच्या यजमानांनी गाडीत मानेखाली घेतलेलं, एक नातवाच्या डोक्यावर टोपी म्हणून (दोन्ही नळ्या हनुवटीखाली बांधून, आणि त्याचे फोटो ग्रुपवर टाकून), एकाच्या गाठी सोडवून किल्ल्यांना लावलेल्या. एक मालकिणीसकट थेट लंडनजवळ स्लाऊला, बहिणीला दाखवायला गेलेलं. हे सगळं जमलं असतं. पण परत द्यायला एकही बाई तयार होईना. म्हणे वाण दिलं ते दिलं, सवाष्णीच्या पदरातलं वाण काढून घेतात का कुठे. मी वरदाताईंकडे गेले, तर त्यांनी डोळे मिटून निकाल दिला की वाण परत जाणार नाही, मग ते काहीही असो. खरे मोबाइलचे बटवे त्याच कपाटात खालच्या फळीवर सुखरूप होते, ते बदल्यात देऊ केले. बायकांनी तेही घेतले आणि गर्भाशयंही ठेवून घेतली.

शेवटी तोडगा मीच काढला (याचं श्रेय वरदाताई घेतात, तू लक्ष देऊ नकोस). वाण जिचं तिच्याकडेच राहील, पण ती ते मांडीवर घेऊन वर्गाला बसेल. अशा रीतीनं शनिवारी अकरा वाजता काठपदराच्या साड्या, वर जाड कोट आणि हातात गर्भाशय अशा आम्ही तेवीस जणी बसमधून उतरलो. स्लाऊचं एकटंच कुरिअरनं आलं होतं, ते माझ्या वाणाबरोबर मीच धरलं. वरदाताईंनी बेव्हर्लीच्या सत्काराला शाल आणि नारळही घेतला होता.

बेव्हर्लीनं दारातच आमच्या हातातली गर्भाशयं मोजली. शाल खांद्यावर घेतली, नारळ टेबलावर ठेवला, वरदाताई प्रास्ताविकाचा कागद काढत होत्या तो घडी करून त्यांच्याच हातात दिला. मग स्पष्ट सांगितलं की हा वर्ग आमच्या बायकांचा आहे, कारण या गाठी आमच्यात जास्त होतात, लवकर होतात आणि आमचं ऐकलं जातं ते कमी. तुम्ही पाहुण्या, मागे बसा, विचारलं तर बोला. वरदाताईंना, सुश्रुत, गेल्या अठरा वर्षांत कुणी मागे बसवलं नव्हतं. बसल्या. गर्भाशयं मात्र पुढे पाठवायची वेळ आली तेव्हा प्रत्येकीनं "माझं नीट परत द्या हं" असं मराठीतून बजावलं, आणि पुढच्या बायकांनी ते कसं कोण जाणे समजून मान डोलावली.

मग जॉय बोलली. एकोणतीस वर्षांची, शाळेत शिकवते. तीन वर्षं डॉक्टरकडे जात होती, दर वेळी ऐकलं की काही विशेष नाही, तुम्ही तर स्ट्राँग दिसता. ती म्हणाली, "मी स्ट्राँग आहे म्हणून मला कुणी स्कॅन दिला नाही. मग वर्गात फळ्यासमोर चक्कर येऊन पडले, तेव्हा दिला." एका गर्भाशयात तिनं एकेक करून चार गाठी बसवल्या, तिला होत्या तेवढ्या, होत्या तिथे. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

शेवटी सराव होता. डॉक्टरपुढे आपलं दुखणं न घाबरता सांगायचं. पण डॉक्टर व्हायला त्यांच्यातली एकही तयार होईना. मी हात वर केला, घरात डॉक्टर आहे म्हणून. बिस्किटांच्या डब्याचं झाकण समोर उभं केलं, तो माझा कॉम्प्युटर. जॉय सांगू लागली आणि मी झाकणाकडे बघत बोटं आपटायला लागले. हं हं म्हणाले. वय विचारलं. तिचं वाक्य अर्ध्यात असताना म्हणाले, हे नॉर्मल आहे, आयर्न घ्या, स्ट्रेस घेऊ नका, आणि वॉर्डवर जायचंय म्हणून उठले. एक बिस्किटसुद्धा चावत होते. मला काही आठवावं लागलं नाही, सगळं आपोआप आलं.

जॉय हळूच म्हणाली, तुम्ही या डॉक्टरला भेटल्या आहात. मी म्हणाले, माझ्या बहिणीचा मुलगा आहे, फार गुणी आहे. आणि तू आहेसच. पण त्या सगळ्या बायका माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या ती तुझ्यासाठी होती, आणि मला तुझी लाज वाटली आणि तुझी दयाही आली. मग बेव्हर्लीनं माझ्या खुर्चीशेजारी खुर्ची ओढली आणि विचारलं, तुला काय होतंय म्हणून तो असं म्हणाला होता. मी सगळं सांगितलं. निम्मं राहिलेलंसुद्धा.

असो. घरी तिळगुळाचा डबा अजून भरलेला आहे, येशील तेव्हा देईन. तुझ्या आईला हे पत्र वाचून दाखवू नकोस, तिला फोनवर मी आधीच सांगितलंय.

तुझी,
सुप्रभामावशी

ता. क. पुढच्या शनिवारी अकरा वाजता तू हॉलवर यायचं आहेस. तुझं नाव दिलंय. त्या दिवशी तुला सुट्टी आहे हे तुझ्या आईकडून काढून घेतलंय, तेव्हा वॉर्ड मधे आणू नकोस. व्याख्यान द्यायचं नाही. खुर्चीवर बसायचं, बायका सराव करतील, तू डॉक्टर व्हायचं. बेव्हर्लीचा नियम असा की डॉक्टरनं एकच प्रश्न विचारायचा, आणखी काही सांगायचंय का.

ता. क. वरदाताई तुझाही सत्कार करणार आहेत. बेव्हर्ली तो होऊ देणार नाही. तू मधे पडू नकोस.

ता. क. बेव्हर्ली सोमवारी मला माझ्या फॅमिली डॉक्टरकडे घेऊन गेली आणि शेजारी बसून राहिली. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आठच्या खाली आलं, स्कॅनची तारीखही मिळाली आहे. तेव्हा मला औषध सांगायला येऊ नकोस. शनिवारच्या सरावात जॉयचा नंबर पहिला आहे, माझा चौथा. मी समोर येऊन बसले की मावशी म्हणू नकोस. "सांगा" म्हण, आणि मी थांबेपर्यंत थांब.