लॉगिननंतरचं पान

३ जुलै
मिळालं काम! शिवलीला मॅडमच्या संध्याकाळच्या वर्गाची वेबसाइट. शाळा सुटलेल्या बायकांना त्या दहावीला बसवतात. यंदा नावनोंदणी मोबाइलवरून — आणि ते सगळं मी एकटीनं करायचं. शेवटची तारीख २० जुलै. चुकली की त्या बाईचं वर्ष गेलं!
मॅडमनी बजावलंय, "आठवीत शाळा सुटलेल्या बाईला कुणाला न विचारता जमलं पाहिजे." तशी बाई आमच्या घरातच आहे — सासूबाई. तपासायला त्यांनाच बसवणार.

६ जुलै
दिवस पाण्यात. लॉगिनचं पान उघडेचना, नुसतं गोल गोल फिरतंय. दुपारी डोक्यात प्रकाश पडला. 'लॉगिन केल्याशिवाय कुठलंच पान दाखवायचं नाही' असा नियम मी घातला — आणि त्यात लॉगिनचं पानही कोंबलं! किल्ली आत ठेवून कुलूप लावलं की मी. एका ओळीत सुटलं.

९ जुलै
सासूबाईंच्या फोनवर फॉर्मची लिंक पाठवली. शेंगा कुटायच्या सोडून लगेच बसल्या. नंबर टाकला, ओटीपी टाकला... आणि आलं पहिलं पान! स्वागत, फोटो, मॅडमचं मनोगत.
"आगं, मला फॉर्माकडं जायचं हुतं की. हितं कुटं आणलंस?"
"आत्या, वर बघा, तिथं फॉर्म आहे."
"मी कशाला हुडकू? लिंक तर फॉर्माचीच दाबली न्हवं?"
मला रागच आला. सगळीकडं असंच असतं, म्हटलं. त्या उठून पुन्हा शेंगांकडं गेल्या.

१० जुलै
त्यांचंच बरोबर आहे. च्च!

१२ जुलै
बाई कुठल्या पानाकडं निघाली होती, त्या पानाचा पत्ता आता लॉगिनसाठी अडवायच्या आधी जपून ठेवते. ओटीपी झाला की तिथंच न्यायचं. दोन तासांचं काम, दोन दिवस खाल्ले. सासूबाई दिवसातून चारदा — "झालं का गं?" मॅडमसुद्धा एवढा तगादा लावत नाहीत! शेवटची तारीखही सासूबाईंनी दोनदा विचारून घेतली.

१५ जुलै
चाललं! लिंक, नंबर, ओटीपी — सरळ फॉर्म! नाचावंसं वाटलं.
सासूबाईंनी अख्खा फॉर्म वाचला, ओठ हलवत, सावकाश.
"ह्यो भरला तर मॅडमकडं जातुया का?"
"आज नाही आत्या, ही चाचणी. उद्यापासून खरं."
"बरं."
इंद्रजीत कामावरून आला तो मलाच म्हणतो, "आईला कशाला ताप देतेस?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाईच कडाडल्या, "तू गप ऱ्हा. मला कायबी तरास न्हाय." नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मला लई बरं वाटलं!

१६ जुलै
सकाळी दहाला मॅडमनी लिंक सगळीकडं पाठवली — मंद्रूप, मोडनिंब, पार मंगळवेढ्यापर्यंत. बारा वाजले, एकही नाव नाही. कुणी मधेच अडकलं असेल का? भाकरी गोड लागेना. सासूबाई जेवल्यावर आत गेल्या, दार लोटून घेतलं.

१६ जुलै, पाऊण वाजता
पहिलं नाव आलं! सोजरबाई बाबुराव लोंढे. वय अठ्ठावन्न. शिक्षण आठवी.
पत्ता — आमच्याच घराचा.